ओलं गोणपाट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुमच्या पायांखाली गार, ओली वाळू आहे. ऑक्टोबर महिना, सकाळचे सहा वाजलेत. समुद्र खूप मागे गेलाय आणि जाताना त्याने किनाऱ्यावर काहीतरी ठेवलंय. लांबून ती उलटी पडलेली होडी वाटते. तुम्ही जवळ जाता. आणखी जवळ. आणि ती होडी श्वास सोडते.

त्या आवाजाने वैजू दोन पावलं मागे सरली, आणि मग चार पावलं पुढे गेली.

वैजू कुबल माझ्या शाळेत पाचवीत होती. मी खाजणवाडीच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्या सकाळी तीच धावत येऊन माझ्या दाराची कडी वाजवत ओरडली होती, "गुरुजी, वेळेर देवमासो इलो! जितो आसा! आजोन तुमका बोलावल्यान!" वेळ म्हणजे आमच्याकडे किनारा. तिचा आजोबा जनू तांडेल तिथे आधीच पोचला होता. डोक्याला पंचा बांधून, हात मागे घेऊन तो त्या जनावराभोवती फिरत होता, बाजारात बैल पारखावा तसा.

"पिल्लू आसा," तो म्हणाला. "चौदा फूट. रातच्या उधाणान आणून टाकला. आवशीपासून चुकला आसतला."

"त्याची आवस खंय आसा?" वैजूने विचारलं.

जनूने समुद्राकडे हात केला. तिथे काहीच दिसत नव्हतं.

पिल्लाचा डोळा वैजूच्या कमरेच्या उंचीवर होता. वासराच्या डोळ्यासारखा, काळाभोर, कडेने ओला. तो आम्हाला बघत होता. मी आजवर देवमासे पाहिले होते ते भिंतीवर. आमच्या शाळेत वर्षभरापूर्वी मिहीर चौबळ नावाच्या फोटोग्राफरने प्रदर्शन भरवलं होतं. पुण्याचा माणूस, पण जगभरच्या समुद्रांत उतरलेला. त्याच्या फोटोंत निळ्या पाण्यात देवमासे असे तरंगत असायचे, की मुलं तोंड उघडं टाकून बघत राहायची. जाताना त्याने सहा मोठे फोटो शाळेला भेट दिले. मी ते वर्गात लावले. त्यांवरून मी मुलांना देवमासा शिकवला: तो मासा नव्हे, त्याला आपल्यासारखंच हवेत श्वास घ्यावा लागतो, त्याची पिल्लं दूध पितात, त्याच्या नाकपुड्या डोक्यावर असतात. वैजूला ते सगळं पाठ होतं.

म्हणून तिने पहिली गोष्ट काय केली, तर आपल्या आईचं जुनं लुगडं आणलं, समुद्रात भिजवलं आणि पिल्लाच्या पाठीवर टाकलं. दुसरं लुगडं एका बाईने डोक्याकडे टाकलं, तर ही ओरडली, "काकी, नाकपुड्ये उघडे ठेव! ता गुदमारतला!"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर सांगतेय ती," मी म्हणालो. मला अभिमान वाटला.

सात वाजेपर्यंत अख्खी वाडी जमली. घराघरांतून गोणपाटं आली. बायकांनी हंडे-कळशांची रांग लावली आणि पाणी हातोहात पुढे येऊ लागलं. वनखात्याला फोन गेला होता, पण ते लोक डॉक्टर आल्यावरच कणकवलीहून निघणार होते. पण त्यांच्या आधी आणखी एक फोन मी केला होता. चौबळना. ते तेव्हा मालवणला उतरले होते, हे मला ठाऊक होतं. "सर, आमच्या किनाऱ्यावर पिल्लू आलंय," मी म्हणालो. माझा आवाज आनंदाने कापत होता, हे आज आठवलं की अंगावर शहारे येतात.

आसपासच्या गावांतूनही लोक आले. त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. एका बापाने आपल्या पोराला उचलून पिल्लाच्या पाठीवर बसवलं आणि "हास, हास रे" म्हणत मोबाईल समोर धरला. दोघा तरुणांनी त्याच्या वल्ह्यासारख्या परावर पाय ठेवून फोटो काढले. एकाने त्याच्या तोंडात काठी घालून बघितली. जनूने ती काठी काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि त्या माणसाच्या हातात दोन तुकडे परत दिले.

"तुज्या पोराक ताप इलो काय आमी असेच बसतलो हा तेच्या उरार," तो त्या पोराच्या बापाला म्हणाला. बाप पोराला घेऊन गर्दीत शिरला.

आता रापण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. किनाऱ्यावरून समुद्रात मोठं जाळं टाकतात आणि त्याच्या दोन दोऱ्या वाळूवर उभं राहून शेकडो हात ओढतात. तिचा एक कायदा आहे. दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. म्हातारा असो, बाई असो, पाहुणा असो. लहान मुलांना अर्धा. आणि दुसरा कायदा: एकदा दोरी धरली की तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, सांगेपर्यंत सोडायची नाही. वैजू सहा वर्षांची असल्यापासून अर्धा वाटा घरी नेत होती. दोरीने तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. वर्गात पेन्सिल धरताना ते दिसायचे.

जनूने ठरवलं, की हे जनावर रापणीने न्यायचं. पण उलट, समुद्राकडे. जाळ्याचा जाड पट्टा पिल्लाच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही दोऱ्या दोन होड्यांना बांधायच्या, आणि छातीभर पाण्यात उभ्या माणसांनी त्या ओढायच्या.

"शेपटेक कोणी दोरी लावची नाय. मोडात," त्याने बजावलं. मग मला बाजूला घेतलं. "गुरुजी, साडेअकराक पाणी पुरा चढतला. मगे घटकाभर उभा ऱ्हवतला. तेवढ्यात न्हेला तर न्हेला. रातीचा पाणी येयपर्यंत ह्या टिकाचा नाय. उन्हान सोलपटून जायत."

सगळी वाडी कामाला लागली. बाप्यांनी पोटाखालची वाळू हाताने उकरली. फावडं लावू दिलं नाही जनूने, कातडीला लागेल म्हणून. वैजू डोळ्याजवळ बसून होती. तांब्याने डोळ्याच्या वरून पाणी सोडायची आणि काहीतरी पुटपुटायची. मी जवळ गेलो तेव्हा ऐकलं: ती त्याला दोनचा पाढा म्हणून दाखवत होती.

"पाढा कशाला गं?"

"दुसरा काय येणा नाय माका," ती म्हणाली. "गप बसलंय तर तेका वाटतला, आमी गेलाव."

साडेदहाला चौबळ आले. गाडीतून उतरले ते अनवाणीच धावत. माझ्या पाया पडले. पिल्लाला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. हात जोडून क्षणभर उभे राहिले आणि मग कामाला लागले. ते वाकून, झोपून, लांब जाऊन, पुन्हा जवळ येऊन बघत होते. मी त्यांची एक पेटी उचलून मागे मागे फिरत होतो. पन्नाशीचा मुख्याध्यापक, पोरासारखा खुशीत.

सव्वाअकराला पहिली लाट पिल्लाच्या पोटाला लागली. त्याने शेपूट हलवली. सगळ्या वाडीने एकदम आवाज केला. बायका रडायला लागल्या. जनूने पंचा सोडून कमरेला बांधला आणि हाक दिली, "दोरी!"

ऐंशी माणसं पाण्यात उतरली. वैजू डाव्या दोरीला होती, तिच्या आजोबाच्या मागे, पाणी तिच्या गळ्यापर्यंत. चौबळ माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज मऊ होता. कायमच मऊ असायचा.

"गुरुजी, एक विनंती आहे. पाचच मिनिटं."

"कशासाठी?"

"बघा, पाणी आता वाळूवर पातळ पसरतंय. त्यात आकाश उतरलंय. ही गोणपाटं काढली, दोऱ्या बाजूला घेतल्या, माणसं जरा हटली, तर ते पिल्लू आकाशात तरंगतंय असं दिसेल. असा फोटो जगात कुणाकडे नाही."

"पण भरती..."

"दोरीने ओढतानाच्या फोटोची बातमी होते, गुरुजी. दोन दिवसांनी रद्दी. पण सुंदर फोटो लोक घरात लावतात. आणि जे घरात लावतात त्याला कुणी मारत नाही. तुम्हीच नाही का मुलांना फोटोंवरून शिकवलंत? एका पिल्लामुळे हजार वाचतील."

मुलांनो, हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं, तर त्या एका पिल्लाकडे आधी बघा. मी बघितलं नाही. मी पाण्यात उतरलो आणि जनूला म्हणालो, "जनू, पाच मिनिटं थांब."

जनूने वळून पाहिलं. "काय म्हणतास गुरुजी?"

"पाच मिनिटं. साहेबांना एक फोटो घेऊ दे. गावाच्या भल्याचं आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तीन पिढ्यांना मी अक्षर शिकवलं होतं असं नाही, पण त्याच्या मुलाला आणि नातीला मीच शिकवलं होतं. खाजणवाडीत गुरुजींच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नसे. जनू माणसांकडे वळला.

"दोरी सोडा," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा, मासळी न येता, तो हे म्हणाला होता. माणसं गोंधळली. कुणी सोडली, कुणी धरून राहिलं. "सोडा म्हणतंय ना!" जनू कडाडला, आणि मग सगळ्यांनी सोडली. एकटी वैजू सोडेना.

"आजो, पाणी चढला हा! आता!"

"वैजू, सोड."

"नाय!"

कुणीतरी तिची बोटं दोरीवरून सोडवली. एकेक करून. ती किंचाळत होती. तिला उचलून वाळूवर आणलं.

गोणपाटं काढली, लुगडी काढली. माणसं मागे हटली, पार सुरूच्या झाडांपर्यंत. आणि मग चौबळ म्हणाले, "वाळूवर पावलांचे ठसे आहेत. एक-दोन लाटा येऊन पुसू देत."

लाट आली. ठसे अर्धे पुसले. दुसरी आली. चौबळ वाळूवर पालथे झोपले. "ढग जाऊ दे," ते म्हणाले. ढग गेला. पिल्लाची पाठ उन्हात चमकायला लागली आणि मग, हळूहळू, चमकेनाशी झाली. त्याने श्वास सोडला, त्याचा आवाज झाडांपर्यंत आला. "वा!" चौबळ म्हणाले, "तो फवारा पुन्हा यायला हवा, मी जरा उशीर केला." आम्ही पुढच्या श्वासाची वाट बघितली. ऐंशी माणसं एका जनावराने श्वास घ्यावा म्हणून उभी होती, फोटोसाठी.

"झाली पाच मिनिटां," जनू म्हणाला.

"हो, हो, एवढं एक."

मी घड्याळ बघितलं तेव्हा अकरा त्रेपन्न झाले होते. मी "बास!" म्हणून ओरडलो. माणसं धावली. पुन्हा दोऱ्या, पुन्हा जाळ्याचा पट्टा नीट करणं, पुन्हा होड्या. जनूने हाक दिली आणि ऐंशी माणसांनी जीव खाऊन ओढलं. पिल्लू हललं. एक हात. दीड हात. वैजू दोरीला लोंबकळत होती. मग जनूने पायाखाली बघितलं. त्याच्या मांडीवरून पाणी मागे चाललं होतं.

"ओढा रे! ओढा! आवशीचा दूध प्यालास ना!"

ओढलं. वाळू चिकट झाली होती. पाणी मांडीवरून गुडघ्याला आलं, गुडघ्यावरून घोट्याला. एक दोरी तुटली आणि वीस माणसं उताणी पडली. कुणी उठलं नाही बराच वेळ.

वनखात्याचे लोक दीडला आले. त्यांच्या डॉक्टरांनी त्याच्यावर पुन्हा ओली कापडं टाकायला लावली, सावली करायला लावली. आम्ही केली. साडेतीनच्या सुमारास वैजू दोनचा पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबली. वीसवर नाही. चौदावर.

चौबळ दोन वाजताच गेले होते. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "नशिबात नव्हतं त्याच्या," ते म्हणाले. "पण फोटो झाला, गुरुजी. तुमच्यामुळे झाला." आज बोललो असतो. आज माझ्याजवळ शब्द आहेत, एकेक दगडासारखा आहे. तेव्हा मी मान डोलवली.

संध्याकाळी पंचनामा झाला आणि किनाऱ्यावरच पुरायचं ठरलं. जनू सुरूच्या झाडाखाली उभा राहून म्हणाला, "दोरीक हात लागलेल्या सगळ्यांनी खणूक येवा. वाटो म्हणजे ह्यो पण वाटोच." ऐंशीच्या ऐंशी आले. वैजू करवंटी घेऊन वाळू उपसत होती.

मी धोतर खोचून फावडं घेऊन गेलो. जनूने ते माझ्या हातातून घेतलं. रागाने नाही, अगदी अदबीने.

"तुमी कशाक, गुरुजी? तुमचो हात दोरीक खंय होतो?"

मी तसाच उभा राहिलो. कारण माझा हात दोरीला लागला होता. वैजूची बोटं सोडवताना. ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगतो आणि दरवेळी त्या जागी 'कुणीतरी' म्हणतो. आत्ताही म्हणालोच. तिच्या तळहाताचे घट्टे माझ्या अंगठ्याला लागले होते. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली. "सोड बाळा," मी तिला म्हणत होतो, "पाचच मिनिटं, सोड बाळा."

वैजू आठ दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसली. मी विचारलं की उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पण माझ्या तोंडाकडे न बघता. मी भिंतीवरचे सहा फोटो उतरवले. त्याबद्दलही तिने काही विचारलं नाही.

जानेवारीत चौबळ यांचं पत्र आलं. त्या फोटोला परदेशातलं मोठं बक्षीस मिळालं होतं. स्नेहसंमेलनाला ते स्वतः येणार होते, त्याची मोठी प्रत शाळेला अर्पण करायला. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तालुक्याहून शिक्षणखात्याच्या साहेबांचा फोन आला, आमदारांना निमंत्रण गेलं, मांडव पडला. मी पुन्हा एकदा मान डोलवली.

फोटो सहा फूट लांब होता. व्यासपीठावर, टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेला, वर निळा मखमली पडदा. खाली पितळी पट्टी: 'विसावा'. चौबळ यांनी भाषण केलं, मऊ आवाजात. मग पाहुण्यांनी दोरी ओढली आणि पडदा पडला.

मांडवातून "अहा" असा आवाज निघाला. आणि मुलांनो, तो फोटो सुंदर होता. माझा खरा राग तोच आहे. तो वाईट असता तर मी कधीच विसरलो असतो. पायाचा एक ठसा नाही, एक माणूस नाही. खाली आकाश, वर आकाश, आणि मधे ते पिल्लू, डोळा अर्धा उघडा, जणू झोपेतून आत्ता जागं होतंय. मागच्या रांगांतल्या रापणकरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. जनू उठून बाहेर गेला.

वैजू पाचवीच्या मुलींच्या रांगेत होती. नाचाचा पोशाख, केसांत अबोलीचा वळेसर. ती उठली आणि मांडवाच्या मागच्या बाजूने बाहेर पडली. मला वाटलं, आजोबाकडे गेली. दोन मिनिटांनी ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना दिसली. शाळेच्या हौदाजवळ पाय पुसायला गोणपाट टाकलेलं असायचं, ते तिने दोन्ही हातांत धरलं होतं. हौदात बुडवून आणलेलं. त्याचं पाणी तिच्या जरीच्या परकरावर आणि व्यासपीठावरच्या सतरंजीवर गळत होतं.

"अगं ए, काय करतेस?" चौबळ खुर्चीतून अर्धवट उठले. "फ्रेम खराब होईल! गुरुजी, धरा तिला!"

सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. वैजूनेही बघितलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत. तिचे हात छातीशी होते, गोणपाटाच्या काठावर घट्ट आवळलेले.

मी माझे दोन्ही हात मागे बांधले.

ती टाचा उंचावून उभी राहिली आणि ते ओलं गोणपाट तिने फोटोच्या वरच्या काठावरून खाली सोडलं. ते काचेवर चपकन बसलं. पाण्याच्या धारा पितळी पट्टीवरून खाली आल्या. तिने तळहाताने एकेक सुरकुती दाबली, शेपटीकडून डोक्याकडे, कुठे कोरडं राहिलं नाही ना ते बघत. मग जरा थांबली, वाकून नीट पाहिलं, आणि डोक्याकडचा काठ दोन बोटांनी धरून वीतभर मागे ओढला, नाकपुड्या उघड्या राहतील इतका.